डावी थोरल्याची, उजवी धाकट्याची

आमच्या वन्संची टॅक्सी समोरून पाहिली तर एकच गाडी, पण डावीकडून तिचा रंग वेगळा आणि उजवीकडून वेगळा. दोन्ही पांढरेच, पण एक दुधाळ आणि एक चुनकट. प्रवासी विचारायचे, "बाई, दोन गाड्या जोडून केलीय का ही?" वन्सं म्हणायच्या, "दोन भाऊ जोडून केलीय. बसायचं तर बसा, नाहीतर वाट मोकळी करा."

ते दोन भाऊ म्हणजे माझे मोठे भाऊजी आणि माझा नवरा. दोघांचाही धंदा एकच, ठोकलेल्या गाड्या सरळ करायच्या. सासऱ्यांच्या वेळी गॅरेज एकच होतं. ते गेले आणि तेराव्याच्या खर्चावरून भांडण होऊन मध्ये भिंत उभी राहिली. थेट रस्त्यापर्यंत आणली भिंत, आणि टोकाला एक दगडी खांब. भाऊजींनी पाटी लावली, 'मूळ गॅरेज'. ह्यांनी लगेच लावली, 'खरे मूळ गॅरेज'. मी म्हटलं, आता 'आईशप्पथ मूळ गॅरेज' एवढीच पाटी राहिलीय, ती मधल्या भिंतीला लावा. कुणी हसलं नाही. दोघंही विनोदाला शत्रू.

वन्सं दोघांहून मोठ्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्या दोघांना वन्संनीच वाढवलं. वाढवलं म्हणजे बडवलंसुद्धा, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सासरे मोठे मारकुटे. कमरेचा पट्टा काढायचे आणि पोरांवर तुटून पडायचे. वन्सं मध्ये पडायच्या. त्यांच्या डाव्या भुवईवर पट्ट्याच्या बकलाचा व्रण आहे, तिथं केस उगवत नाहीत. मी नवी नवरी असताना विचारलं होतं, हे कशानं? तर म्हणाल्या, "बापाचा आशीर्वाद आहे. ह्या दोघांच्या वाटचा मला मिळाला."

वन्संचं लग्न झालं, नवरा टॅक्सी चालवायचा, तो छातीत दुखून गेला. वन्संनी चार लोकांचं ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी किल्ली स्वतःच्या कनवटीला लावली. बाई टॅक्सी चालवते म्हणून नाना तऱ्हेची माणसं गाडीत बसायची. एकानं मागून गळ्याला सुरा लावला. डावीकडे सरकून, पुढच्या दोन सीटच्या मधून हात घातला होता त्यानं. म्हणाला, गाडी थांबव. वन्संनी गाडी थांबवली, पण विजेच्या खांबावर. डावी बाजू अशी आपटली की त्या माणसाचा खांदा निखळला, तोंड काचेवर फुटलं आणि सुरा वन्संच्या गळ्यावर एक ओरखडा काढून खाली पडला. पोलीस आले तर ह्या बाई पदराने गळा दाबून त्याच्याच उरावर बसलेल्या. मला म्हणाल्या, "डावीकडून ठोकली म्हणून थोरल्याकडे नेली. थोरल्याची पाळीच होती."

कारण तसा नियमच होता त्यांचा. गाडी थोरल्याकडे नेली तर धाकटा फुगणार, धाकट्याकडे नेली तर थोरला जेवायचा नाही. मग वन्संनी गाडीच वाटून टाकली. डाव्या बाजूला लागलं तर थोरल्याकडे, उजव्या बाजूला लागलं तर धाकट्याकडे. इंजिन, ब्रेक, चाकं असली मधली कामं आळीपाळीनं. एकदा कुणीतरी मागून बरोब्बर मधोमध धडक दिली, तर चेपलेला बंपर तसाच घेऊन फिरल्या, दुरुस्त म्हणून केला नाही. लोक हसायचे. मीही हसायचे. आता नाही हसत.

त्या दिवशी दुपारी एक लाल गाडी आली, दार चेपलेलं. नेमकी खांबासमोर उभी राहिली. आतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, "जुनं, मूळ गॅरेज कुठलं हो?"

झालं! तेवढंच पुरलं. भाऊजी इकडून आले, हे तिकडून. दोघंही गाडीची दारं धरून "इकडे घ्या, इकडे घ्या." तो बिचारा कधी ह्यांच्याकडे बघतोय, कधी त्यांच्याकडे. भाऊजी म्हणाले, "साहेब, ह्याच्याकडे नेलीत तर दार बसवून देईल, पण ते उघडणार नाही." हे म्हणाले, "आणि ह्याच्याकडे नेलीत तर मिटणार नाही, याच्या तोंडासारखं." त्या माणसानं काय करावं? सरळ गाडी उलटी घेतली आणि पळून गेला. गिऱ्हाईक दोघांच्याही हातचं गेलं, मग राहिलं काय, तर एकमेकांची तोंडं.

पहिला हात कुणी उचलला ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही, मी नवऱ्याची बायको आहे. भाऊजींच्या नाकातून रक्त आलं. त्यांनी ह्यांची गचांडी धरून ह्यांचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा नाही. आवाज असा यायचा की माझ्या दाढा दुखायच्या. मी धावले, तर जाऊबाईंनी माझी वेणी धरली. म्हणे, "दोघांमध्ये पडू नकोस." अगं, मग वेणी कशाला ओढतेस? मी त्यांच्या हाताला चावले. आता लाज वाटते सांगायला, पण तेव्हा बरं वाटलं.

ह्यांनी भाऊजींच्या पोटात गुडघा घातला आणि सुटले. सुटले तर गप आत जावं ना! नाही. वळून म्हणाले, "बापाची सगळी लक्षणं उचललीस, फक्त पट्टा तेवढा राहिला."

ते वाक्य बोलायला नको होतं. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. भिंतीला टेकून पहार ठेवलेली असते, इंजिन उचकटायची, ती त्यांनी उचलली. हे मागे सरताना तेलावर घसरले आणि खांबाच्या आमच्या बाजूला पाठीवर पडले. भाऊजी खांबाला वळसा घालून येत होते, पहार दोन्ही हातांनी डोक्यावर. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. हॉर्न मात्र आठवतो. लांब, सलग, थांबतच नव्हता. आम्ही सगळ्यांनी ऐकला, या दोघांनी नाही ऐकला.

मग वन्संची टॅक्सी खांबावर आदळली. दगड उडाले, भिंतीचं टोक खाली आलं. भाऊजी त्यांच्या बाजूला फेकले गेले आणि पहार हातातून निसटून रस्त्यावर वाजत गेली. ह्यांच्या अंगावर नुसता विटांचा चुरा पडला. गाडीचं नाक मधोमध दुभंगलं होतं. खांब डाव्या बाजूला ना उजव्या बाजूला, बरोब्बर मध्ये घुसलेला. आणि वन्सं आत अडकलेल्या, कपाळावरून रक्त वाहत होतं, तरी ह्यांच्याकडे बघून विचारतात, "डोकं फुटलं का रे?"

दार उघडेना. तीच पहार मी उचलली, जाऊबाईंनी दुसरं टोक धरलं, मघाशी मी चावले होते त्याच हातानं. आम्ही दोघींनी दार उचकटलं. आमचे दोन पहिलवान रस्त्यावर बसून होते.

वन्संचा उजवा पाय पेडलांच्या खाली चिरडला होता. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण घोट्याचा पार चुरा झाला होता. पाऊल एकाच जागी थिजलं. म्हणाले, काठीनं चालतील, गाडी विसरा. वन्संनी ते ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. गाडी विसरा म्हणजे काय, हे त्या डॉक्टरला काय कळणार!

पोलिसांनी विचारलं, काय झालं? वन्सं म्हणाल्या, "गाडी थांबली नाही."

एवढंच बोलल्या. पण भाऊजींनी ते शब्द झेलले. दवाखान्याच्या व्हरांड्यात ह्यांच्या अंगावर धावून गेले. "ब्रेक! ब्रेक तू केले होतेस! आत्ता गेल्या आठवड्यात! आक्काचा पाय तू तोडलास, हरामखोरा!" दोन वॉर्डबॉय मिळून आवरत होते त्यांना. ब्रेक ह्यांनीच केले होते, खरं होतं. आळीपाळीत ह्यांची पाळी होती. ह्यांनी उलटून हात उचलला नाही. नुसते मार खात उभे राहिले आणि म्हणाले, "मी पॅड नवे घातले होते. मी तपासले होते." मग घरी येऊन म्हणाले, "तपासले होते ना गं मी?" मला काय माहीत! मी म्हटलं, तपासले होते.

त्यानंतर ह्यांनी हातोडी धरली नाही. गॅरेजची दारं लावून घेतली. ताटावर बसायचे आणि उठायचे. रात्रंदिवस हाताकडे बघायचे. 'खरे मूळ गॅरेज' ही पाटी त्यांनी स्वतः उतरवली आणि उलटी करून ठेवली. गल्लीत लोक येता जाता म्हणायचे, ह्याच्या ब्रेकनं बहिणीचा पाय गेला. भाऊजीच सांगत सुटले होते सगळ्यांना. पहार कुणी उचलली होती, ते मात्र कुणी बोलत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

माझा हिशोब सरळ होता. गाडी आमच्याकडे येऊ दे, चार माणसांसमोर ब्रेक उघडू दे, खरं काय ते दिसू दे. खराब असतील तर पाय धरू, चांगले असतील तर ह्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मी दवाखान्यात जाऊन वन्संना सांगितलं, "गाडी कुणाकडे न्यायची ते आता तुम्हीच सांगा. डावी-उजवीचा प्रश्नच नाही, मधोमध लागलंय. आणि मी सांगते, आमच्याकडे पाठवा."

त्या म्हणाल्या, "ठोक्याकडे जाऊ दे."

मला वाटलं भुलीचं औषध अजून उतरलं नाही. ठोक्या म्हणजे रस्त्यापलीकडचा गॅरेजवाला. पत्रा सरळ करायचा त्याला कंटाळा. खड्डा पडला की पुट्टी थापायची, वर रंग मारायचा, की चालली गाडी. आमच्याकडे कुणी वाईट काम केलं की "ठोक्या आहेस का?" अशीच शिवी आहे. दोन भावांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं, की ठोक्याला गॅरेजमधून उचलून नदीत टाकला पाहिजे.

"दोन सख्खे भाऊ असताना?" मी म्हटलं.

"दोघं आहेत म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या.

टोचनवाल्यानं गाडी ओढून समोर नेली. हे आमच्या दारातून बघत होते, भाऊजी त्यांच्या दारातून. ठोक्यानं पहिला हातोडा घातला तेव्हा दोघंही एकदमच दचकले. बाई आपल्या भावांना एवढी शिक्षा का देतेय, ते कळेना. आणि शिक्षा द्यायचीच तर ज्यानं पहार उचलली त्याला द्यावी, माझ्या नवऱ्याला कशाला?

मी शेवटी ठोक्याकडे गेले. म्हटलं, "ब्रेक बघितलेस का?"

तो म्हणाला, "ब्रेकला काय झालंय? पुढचा पत्रा गेला, रेडिएटर गेला, ब्रेक एकदम टकाटक. पॅड नवे कोरे. बसून बघा की."

मी आत बसले. सीटवर अजून रक्ताचा डाग होता. पेडल वाकडं झालं होतं, पण पाय ठेवून दाबलं तर दगडासारखं घट्ट. दोनदा दाबलं, चारदा दाबलं. आणि तेव्हा मला आठवलं. हॉर्न ऐकला होता, पण चाकं किंचाळल्याचा आवाज आलाच नव्हता. रस्त्यावर घासल्याचा काळा पट्टाही नव्हता. उलट इंजिनाचा आवाज चढला होता. आणि मला ते विजेच्या खांबाचं आठवलं, तो सुरेवाला आठवला. मी तिथेच बसून राहिले. ठोक्या म्हणाला, "चक्कर आली का?"

वन्संच्या खोलीत मी गेले तेव्हा आवाज खाली ठेवायचं ठरवून गेले होते. ते काही जमलं नाही.

"ब्रेक चांगले आहेत," मी म्हटलं.

त्यांनी दाराकडे बघितलं.

"तुम्ही मुद्दाम घातलीत गाडी. आणि म्हणून ठोक्याकडे पाठवलीत! ह्या दोघांपैकी कुणीही बघितली असती तर एका मिनिटात कळलं असतं!"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "हॉर्न वाजवला गं. ऐकेनात. थोरल्याची पहार खाली यायला लागली होती. उतरून धावले असते तर नुसतं प्रेत उचलायला पोचले असते. मग काय करू? मध्ये पडायचं तर गाडीनंच पडायला हवं होतं."

"मग सांगा ना तसं! माझा नवरा तिकडे मरतोय, तुमचा पाय आपण तोडला म्हणून!"

"थोरल्याला कळलं, की त्याच्या हातून भाऊ मरणार होता म्हणून मी पाय दिला, तर तो स्वतःचं काहीतरी करून घेईल. त्याचा स्वभाव तुला माहीत नाही. बापासारखा तापतो आणि मग आईसारखा विझतो. धाकटा सोसतो. तो लहानपणापासून सोसतो."

मला एवढा संताप आला की त्यांच्या उशाशी असलेला पाण्याचा तांब्या मी जमिनीवर आपटला. नर्स धावत आली. मी म्हटलं, "सोसतो म्हणून त्याच्यावर टाकायचं? पट्टा तुम्ही त्याच्या अंगावर पडू दिला नाहीत, आणि हे पडू देता? हा काय न्याय झाला, वन्सं?"

वन्सं भुवईवरच्या व्रणावरून बोट फिरवत राहिल्या. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "माझं चुकलं. पण माझ्या तोंडून थोरल्याला सांगणं होणार नाही. तुला काय करायचं ते कर."

मी घरी गेले नाही, थेट भिंतीच्या पलीकडच्या दारात गेले. भिंत झाल्यापासून तो उंबरा मी ओलांडला नव्हता. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या, हाताला अजून माझ्या दातांची खूण. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला एकच काम सांगते. रस्ता ओलांडा, आक्कांच्या गाडीत बसा आणि ब्रेक दाबा. मला काही बोलायचं नाही."

ते मला शिव्या देत गेले. आम्ही दोघी मागे. गाडीत बसले, दाबला. पुन्हा दाबला. मग काचेतून समोर बघितलं. समोर मोडका खांब होता आणि खांबाच्या उजवीकडे ती जागा, जिथे माझा नवरा पडला होता. त्या बाईला जे दिसलं होतं ते सगळं त्या सीटवरून दिसतं. भाऊजींनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

मग ते उतरले आणि आमच्या गॅरेजात शिरले. कोपऱ्यात मी आणून ठेवलेली तीच पहार त्यांनी उचलली. माझा जीव गेला. हे स्टुलावर बसले होते, उठलेसुद्धा नाहीत. भाऊजींनी पहार ह्यांच्या मांडीवर ठेवली, समोर गुडघ्यांवर बसले, मान खाली घातली.

"ब्रेक चांगले होते," म्हणाले. "मार."

ह्यांनी पहार हातात घेतली. घट्ट धरली, बोटं पांढरी झाली. जाऊबाईंनी माझा दंड धरला, मी त्यांचा. मग ह्यांनी पहार बाजूला टाकली आणि भाऊजींच्या मुस्काटात अशी एक वाजवली की छपरावरची कबुतरं उडाली. वन्संचा हात अगदी तसाच पडायचा म्हणे. भाऊजी गालावर हात ठेवून म्हणाले, "आणखी." ह्यांनी आणखी दिली. तिसरीला हेच रडायला लागले.

त्यानंतर दोघं मिळून गाडी आणायला गेले. ठोक्यानं तोपर्यंत बॉनेटवर पुट्टी थापली होती. वीतभर जाड! आक्काच्या गाडीवर! मी आणि जाऊबाई मध्ये पडलो, पण खरं सांगायचं तर फार मनापासून पडलो नाही. ठोक्या बिचारा काही चूक नसताना तुडवला गेला. नंतर दोघांनी त्याची माफी मागितली, तरी अजून तो आमच्या बाजूनं रस्ता ओलांडत नाही.

मी वन्संना दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. त्या उठून बसल्या. "दोघांनी मिळून मारलं?"

"मिळून."

"कुणी कुठं?"

"डाव्या गालावर थोरल्यानं, उजव्या गालावर धाकट्यानं."

वन्सं इतक्या हसल्या की टाके दुखले. मग म्हणाल्या, "थोरला जेवतोय ना?" मी म्हटलं, जेवतोय, आणि बायको त्याला डोळ्यांआड होऊ देत नाही. मग म्हणाल्या, "आणि धाकटा?" हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

गाडी आता सगळीकडून एका रंगाची आहे. भांडणं होतात, रोज होतात, पण पहार आम्ही दोघी जावा आमच्या कुलपात ठेवतो. टॅक्सी मी चालवायला शिकले. वन्सं शेजारी बसतात, काठी मांडीवर, आणि मला तोंडाला येईल ते बोलतात. वळण आलं, गर्दी आली, कुणी आडवं आलं, की त्यांचा तो थिजलेला पाय माझ्याआधी खाली दाबला जातो. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, नुसता पत्रा आहे.

एकदा मी चिडून म्हटलं, "आता कशाला दाबता? तेव्हा दाबला असता तर आज पाय धड असता."

"तर आज तू विधवा असतीस," वन्सं म्हणाल्या. "समोर बघून चालव."